सगळ्या खाचांचं कार्ड

बेपत्ता माणसांच्या कचेरीत तिला सगळे सुईताईच म्हणत. काम तसं सोपं. हरवलेल्या प्रत्येक माणसाचं एक कार्ड, कार्डाच्या कडेला ओळीनं भोकं, आणि एकेका भोकाला एकेक खूण: दाढी, चष्मा, व्रण. खूण असली की भोकाची कड कापून खाच मारायची, नसली की भोक तसंच ठेवायचं. कुठे बेवारस प्रेत सापडलं, की त्याच्या खुणेच्या भोकातून गठ्ठ्यात सुई घालून हलवायची. खाचवाली कार्डं खाली पडतात, बाकीची सुईला लटकून राहतात. पडलेल्यांच्या घरी निरोप.

त्या गठ्ठ्यात तिच्या धाकट्या भावाचंही कार्ड होतं. आणि या बाईनं काय करावं? त्याच्या सगळ्याच भोकांना खाचा मारल्या! काय सांगावं, दाढी वाढवली असेल, चष्मा लागला असेल, कुठे धडपडून टाके पडले असतील. कुठल्याही चौकशीतून तो सुटता कामा नये, एवढंच तिला कळत होतं.

तेव्हापासून प्रेत कुणाचंही असो, भावाचं कार्ड पडायचंच. टप. "आला गं तुझा भाऊ," असं शेजारचा कारकून आधी थट्टेनं म्हणायचा. पुढे त्यानंही ती थट्टा सोडली. ती शवागारात जायची, चादर उचलायची, परका चेहरा बघून परत यायची. डोळे मिटले की ते सगळे चेहरे तिला ताई म्हणून हाक मारायचे.

एकदा इस्पितळातून फोन आला. माणूस जिवंत होता, पण नावगाव विसरलेला. दाढी नाही, चष्मा नाही, अंगावर एकही व्रण नाही. 'नाही'चा हिशोब उलटा: सुईला लटकतील ती कामाची, पडतील ती बाद. तिनं गठ्ठा हलवला. टप. भाऊ पडला.

"चला, आज चादर उचलायला नको," म्हणत तिनं ते कार्ड बाजूला ठेवलं. तिला चक्क हायसं वाटलं.

लटकलेल्या कार्डांपैकी एका घरची म्हातारी आई कचेरीत आली, तिथून इस्पितळात गेली आणि त्या माणसाला 'हाच माझा' म्हणून घरी घेऊन गेली.

काही दिवसांनी इस्पितळाच्या वॉर्डातली मावशी त्या माणसाच्या कागदावर सही घ्यायला आली. "वेडंच पोर बाई ते," ती हसत म्हणाली. "झोपताना चपला भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. म्हणे, त्यांनाही झोप लागते."

सुईताईची सही अर्ध्यावरच थांबली. याच खुळावरून लहानपणी भावाला तिनं किती चिडवलं होतं! या खुळाचं भोक कार्डावर नव्हतं. आणि दाढी, चष्मा, व्रण यातलं त्याला कधी काहीच नव्हतं. खाचा तेवढ्या तिनं मारल्या होत्या.

पत्ता घेऊन ती धावतच त्या घरी पोचली. दाराशी चपला होत्या, भिंतीकडे तोंड केलेल्या. म्हातारीनं दार उघडलं, तिला ओळखलं आणि तिचे दोन्ही हात गच्च धरले.

"या, या! तुमच्या सुईनंच माझं लेकरू परत दिलं हो!"

तेवढ्यात आतून तिच्या भावाचा आवाज आला.

"आई, कोण आलंय गं?"