बास्केट हलवायची नाही

वहिनींचा मेसेज आला तेव्हा मी सानपाडा स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते. "नितीन सकाळी गेले. दुपारी नेणार आहोत." एवढंच. मी फोन खिशात ठेवला आणि उरलेली पत्रकं वाटत राहिले. का, ते विचारू नका, हाताला सवय असते. खारघरचं ते मैदान वाचवा म्हणून काढलेलं पत्रक होतं, ज्या मैदानावर आम्ही दर रविवारी खेळायचो तेच, आणि मथळा मीच दिला होता, 'लढा अजून संपलेला नाही'. एका गृहस्थांनी ते घेतलं, न वाचता घडी घातली आणि त्यावर वडापाव ठेवला. एरवी मी भांडले असते. त्या दिवशी म्हणाले, नीट धरा, चटणी सांडेल...

त्याला आता दीड महिना झाला. नितीन कदम, मूळ साताऱ्याकडचे, खारघरच्या एका तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवायचे, पन्नाशीही गाठली नव्हती. आम्हा सगळ्यांचे नितीनदादा, आणि वहिनी म्हणजे त्यांची बायको. सोसायटीच्या गेटवर त्यांचा फ्लेक्स लागला. त्यावर मोठ्या अक्षरात 'लढवय्या', खाली 'आजाराशी झुंज अपयशी'. लढा, झुंज, एल्गार हे शब्द माझ्याकडे घाऊक भावात असतात, कित्येक वर्षं मी तेच लिहीत आलेय, म्हणून मला सांगायचा हक्क आहे. तो फ्लेक्स खोटा आहे. दादा कुणाशी झुंजले वगैरे नाहीत. ते आपल्या बॅगेतल्या डिस्क बदलत गेले आणि खेळत राहिले. ते कसं, एवढंच मला लिहायचंय. दुसरं काही लिहायचं त्राण सध्या नाही.

आमची ओळख सह्यांमधून झाली. मैदान खेळासाठी राखीव असताना त्यावर बांधकाम होणार अशी कुणकुण लागली आणि मी सह्यांचे कागद घेऊन तिथे गेले. डोंगराच्या पायथ्याशी एक माणूस लोखंडी खांबाला सायकलची रिंग लावून तिला साखळ्या लटकवत होता. मी विचारलं, "काका, हे काय, झुंबर?" ते म्हणाले, "सही करतो. पण आधी ही एक टाकून दाखव. आणि काका कुणाला म्हणतेस?" हातात त्यांनी ताटलीएवढी प्लास्टिकची चकती दिली. मी टाकली ती सरळ बकऱ्यांच्या कळपात. दादा हसले नाहीत, सही केली आणि म्हणाले, "बकऱ्या मैदानाच्या बाजूने आहेत. त्यांचाही अंगठा घे."

खेळाचं नाव डिस्क गोल्फ. चेंडू आणि काठीऐवजी चकती आणि हात. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, साखळ्यांच्या बास्केटमध्ये पडेपर्यंत. कमी फेकीत जो पोचला तो जिंकला. दादा नोकरीच्या प्रशिक्षणासाठी काही महिने परदेशात होते, तिथल्या बागेत हे शिकले आणि येताना सुटकेसमध्ये डिस्क घेऊन आले. मग भंगारातून एकेक करत नऊ बास्केट त्यांनी स्वतः वेल्ड केल्या. नववी सगळ्यात लांब, पार टोकाच्या करंजाखाली. तिच्यावर त्यांचा फार जीव. नववी झाल्याशिवाय घरी जायचं नाही, चहा नाही, गप्पा नाहीत, हा त्यांचा कायदा.

बॅगेत प्रत्येकाकडे निदान तीन प्रकारच्या डिस्क असतात. लांब जाणाऱ्या पातळ कडेच्या, मधल्या अंतराच्या आणि जवळून टाकायच्या जाड कडेच्या. आता यात बदलायचं किती? तर आमच्या रोहनला विचारा. हा खारघरचाच, आयटीतला, दर पगाराला नवीन डिस्क. बाहेरून मागवायचा, टाकायचा, एखादी झाडाला लागली की डिस्क वाईट, परत दुसरी. मला संताप यायचा. मी त्याला तोंडावर सांगितलं होतं की तुझ्या बॅगेवर मी वेगळं पत्रक काढणार आहे. दादा मात्र पत्रक काढायचे नाहीत, टपली मारायचे. "रोहन, तुझी बॅग आहे की लॉज? कोण येतंय, कोण जातंय, नावं तरी पाठ आहेत का?" रोहनही सोडायचा नाही. दादांकडे एक लाल डिस्क होती, पहिल्या सुटकेसमधली, कड दगडांनी खाल्लेली. "दादा, तिला आता पेन्शन लागू करा," तो म्हणायचा.

त्यावर दादा शिकवायच्या आवाजात समजावून सांगायचे. नवी डिस्क ताठ असते, शेवटी डावीकडे वळून पडते. वापरून कड झिजली की ती जास्त वेळ सरळ जाते आणि पुढे पुढे उजवीकडे झुकायला लागते. म्हणजे जुनी डिस्क बिघडत नाही, तिचा स्वभाव बदलतो, तो आपण ओळखायचा. "तुझ्या डिस्कमध्ये काही खोट नाही रे. तुला हात बदलून पाहिजे. तो दुकानात मिळत नाही."

पावसाळा संपून गवत कापलं होतं, त्यानंतरचा एक रविवार. नवव्या बास्केटसाठी दादांनी लाल डिस्क टाकली आणि ती निम्म्या वाटेतच डावीकडे वळून घाणेरीच्या झुडपात पडली. खाडीवरून वारा येतो, तो असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. रोहन खूश. "झाली एक्स्पायर!" आणि दादांनी चक्क डिस्क बदलली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आम्ही तो प्रसंग साजरा केला हो. बेलपाड्याचा दत्तू म्हात्रे, आमच्यात सगळ्यात लांब फेकणारा, घरून फरसाण घेऊन आला. "दादा पन आता आमच्यातले झाले," म्हणाला. नवी डिस्कही डावीकडे पडली. दादांनी दुसरी आणली. मग तिसरी. आम्ही सल्ले देत होतो, ही जड आहे, ती कडक आहे, त्या कंपनीची बघा. दुसरं कुणी असतं तर डॉक्टरकडे गेलं असतं. आम्ही डिस्क गोल्फवाले, आम्ही प्लास्टिक बदलत बसलो. दिवाळी गेली, थंडी आली.

शेवटी लक्षात आलं ते रोहनच्या. इतक्या डिस्क हाताखालून घातल्यामुळे असेल. तो हसत हसतच म्हणाला, "पण दादा, झिजलेली डिस्क उजवीकडे जाते ना? तुमची डावीकडे का पडते? डावीकडे तर हात मंद पडला की..." आणि थांबला. दादांनी पाठीवरची बॅग खाली ठेवली. लाल डिस्क अजून तिच्या तळाशी होती. ती काढून त्याला दिली. "तू टाक." रोहनने टाकली. ती गेली ती सरळ, पार लांब, शेवटी जराशी उजवीकडे झुकून करंजाच्या बुंध्यापाशी टेकली. अगदी तिची जुनी चाल. दादांनी आपला उजवा पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"बरं," ते म्हणाले. "म्हणजे डिस्क ठीक आहे."

मग तपासण्या झाल्या. स्नायूंची ताकद हळूहळू जाते असा आजार, उलट फिरवणारं औषध नाही. मी माझ्या पद्धतीने पेटून उठले. दुसरा डॉक्टर, मोठं हॉस्पिटल, मदतीचं आवाहन. त्यांच्या हॉलमध्ये उभी राहून मी म्हणाले, "दादा, आपण लढायचं." ते सोफ्यावर बसून चहा पीत होते, कप दोन्ही हातांनी धरून. "कुणाशी? पत्ता दे, पत्रक टाकून येऊ." वहिनी आतून ओरडल्या, "अहो, ती एवढी कळकळीने बोलतेय!" "म्हणूनच म्हटलं. पत्रकबाई, तुझ्या लढ्यात कधीतरी जेवणाची सुट्टीही ठेव." मग कप खाली ठेवून, थट्टा बाजूला सारून म्हणाले, "मला एकच पाहिजे. जमेल तोवर नववी माझ्या हातानं व्हायला पाहिजे. कितीका फेकी लागेनात. जागा तीच, बास्केट तीच."

तेव्हापासून बॅग बदलायला लागली. वहिनी सांगतात, शनिवारी संध्याकाळी ते डाळ निवडायला बसावं तसे डिस्क घेऊन बसायचे. एकेक हातात तोलायची, बाजूला ठेवायची. आधी पातळ कडेच्या, जोर मागणाऱ्या गेल्या. मग जड गेल्या. तेवढ्याच अंतरासाठी हलकी, मऊ, हाताला सोपी आली. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. आणि बॅगेतून जी बाहेर पडेल ती रविवारी मैदानावर कुणाला तरी द्यायची, घरी साठवायची नाही. लाल रोहनला मिळाली. दत्तूला दोन. मला एक निळी, जी मला आजही धड टाकता येत नाही. मी प्रत्येक वेळी चिडायचे. मला ती माघार वाटायची. ते म्हणायचे, "अगं, रोहन बदलायचा तेव्हा हौस. मी बदलतो तेव्हा सुतक? डिस्कला काय ठाऊक."

एका रविवारी दत्तू आणि रोहनने लवकर येऊन नववी बास्केट उपटली आणि बरीच अलीकडे आणून रोवली. मला ठाऊक होतं, मी गप्प होते. आम्हाला वाटलं, त्यांना तेवढंच बरं वाटेल. दादांनी नेहमीच्या जागेवरून मोजूनमापून डिस्क टाकली आणि ती बास्केटच्या वरून पलीकडे गेली. ते बघत राहिले. "दत्तू, करंज चालत पुढे आला काय रे?"

दत्तूने मान खाली घातली. "दादा, तुमच्यासाठीच हाय ना. जराशी म्होरं आनली."

त्यांना इतकं चिडलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. आवाज मात्र चढला नाही. "बास्केट जिथं होती तिथं न्या. बदलायचं ते मी माझ्या बॅगेत बदलेन. तुम्ही ती माझ्याकडे सरकवत आणायला लागलात, तर मी टाकू कशाकडं?" दत्तूने तो अख्खा खांब खांद्यावर घेतला आणि चालायला लागला. डोळे पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता. जुना खड्डा तसाच होता, त्यात बास्केट पुन्हा बसली. त्या दिवशी दादांनी नववी पूर्ण केली. फेकी किती झाल्या ते त्यांनी स्वतः मोठ्याने सांगितलं, आणि रोहनला तेवढ्याच लिहायला लावल्या.

मी घरी आले आणि मला झोप लागेना असं काही झालं नाही, मी मेल्यासारखी झोपले. पण सोमवारी मैदान वाचवण्यासाठीच्या आमच्या समितीची बैठक होती आणि तिथे मला ते आठवत राहिलं. आम्ही आधी अख्खं मैदान मागत होतो. मग अर्धं तरी द्या. मग निदान झाडं तरी ठेवा. दर बैठकीत कुणीतरी समजूतदारपणे बास्केट थोडी अलीकडे आणत होतं, आणि आम्ही इतके दमलो होतो की त्यालाच यश म्हणायला लागलो होतो.

दादांची शेवटची फेरी या वर्षीच्या थंडीत झाली. बॅग आता वहिनींच्या खांद्यावर, आणि आत एकच डिस्क, पिवळी, लहान मुलांसाठी बनवतात तसली, सगळ्यात हलकी. त्या दिवशी फक्त नववी खेळायची होती. वहिनी मागे उभ्या होत्या, तोल गेला तर सावरायला, पण हाताला हात लावायचा नाही असं बजावलेलं होतं. डिस्क चार-पाच पावलांवर पडायची. दादा तिथवर चालत पोचायचे, मग दत्तू ती उचलून त्यांच्या बोटांत बसवायचा, पडली त्याच जागेवर उभं राहून, एक पाऊलही पुढे न सरकवता. उलव्याकडून विमान वर चढलं की दादा आवाज जाईपर्यंत थांबायचे, जणू त्यानं फरक पडणार होता. ऊन वर आलं. बकऱ्या येऊन गेल्या. मध्येच ते म्हणाले, "पत्रकबाई, तोंड पाडू नको, आपण पोचतोय." आणि शेवटी साखळ्या वाजल्या... "झाली," ते म्हणाले. "आता चहा."

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. वहिनींनी ती बॅग गेल्या आठवड्यात मला दिली. "तुम्ही न्या. दाराशी खुंटीवर लटकलेली बघवत नाही." आत पिवळी डिस्क आणि कड पुसायचं एक फडकं. रोहन बॅगेला काचेची पेटी करायची म्हणत होता. मी म्हटलं, बॅगेतून बाहेर पडेल ती मैदानावर जाते, तुला कायदा माहीत आहे. रोहनच्या स्वतःच्या बॅगेत हल्ली नवीन काही येत नाही, लाल अजून पहिल्या कप्प्यात आहे. समितीतूनही एक सूचना आली. टोकाची करंजाकडची पट्टी पार्किंगला सोडावी, म्हणजे उरलेलं मैदान वाचेल, आणि नववी बास्केट गेटजवळ आणून तिच्यावर दादांच्या नावाची पाटी लावावी. दहा माणसांना ते सुंदर वाटलं. मला आता भाषण करता येत नाही, थकलेय मी. नाही, एवढंच म्हणाले. पाटी नको, नि पट्टीही सोडायची नाही. नवीन पत्रकात मागणी पुन्हा अख्ख्या मैदानाची आहे. मथळ्यात लढा नाही.

परवा रविवारी मी पिवळी घेऊन नववीच्या फेकीच्या जागेवर उभी राहिले. ती माझ्या हातून वाऱ्यावर नुसती तरंगली आणि समोरच पडली. पुन्हा टाकली, पुन्हा तशीच. करंज होता तिथेच, लांब. दत्तू मागून बघत होता. दादा गेल्यापासून तो कुणाशी धड बोलला नव्हता.

"पत्रकबाय," तो म्हणाला, "जवल आनू का जराशी?"

"हात लावून तर बघ," मी म्हटलं, आणि डिस्क उचलायला गेले.