देवळातली पंचायत

ग्रामसेवक म्हणून माझी पहिली नेमणूक पाथर्डी तालुक्यातल्या एका गावी झाली, तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष. मी श्रीरामपूरकडचा, पाटाच्या पाण्यावर वाढलेला. ट्रेनिंगमध्ये कायद्याची कलमं पाठ केली होती आणि सरकार म्हणजे काय ते आपल्याला कळलंय, अशी माझी पक्की समजूत होती.

गावात पंचायतीला कार्यालय नव्हतं. दप्तर एका लोखंडी पेटीत, पेटी भैरोबाच्या देवळात आणि दर महिन्याची सभाही देवळाच्या सभामंडपात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या गावीही बैठका देवळातच व्हायच्या.

पहिल्या सभेला सतरंजीवर बसून मी हजेरी घेऊ लागलो. एक नाव पुकारलं, तर आतून कुणीच ओ दिली नाही. बाहेरून आवाज आला, "हजर." मी मान वळवून पाहिलं. पायऱ्यांच्या खाली, लिंबाच्या सावलीत, साठीतले एक गृहस्थ ताठ बसले होते. राखीव जागेवरून निवडून आलेले ते सभासद. लष्करात नोकरी करून आलेले, म्हणून सगळं गाव त्यांना मेजर म्हणायचं. छपन्न सालानंतर त्यांच्या अख्ख्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला होता.

सरपंच मला सहज म्हणाले, "भाऊसाहेब, बुक बाहेर न्या. त्ये तितंच सही करत्यात."

मी उठलो. पायऱ्या उतरलो, सही घेतली, परत येऊन बसलो. कान तापले होते, पण पाय मात्र निमूट चालले. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं, मेजरांच्याही नाही. पुढे सभा सुरू झाली. सात-आठ माणसं एकदम बोलत होती. त्यातलं लिंबाखाली काय पोचत असेल कोण जाणे. शेवटी सरपंचांनी ठराव सांगितले, सूचक कोण, अनुमोदक कोण, तेही सांगितलं. एका ठरावाला अनुमोदक म्हणून मेजरांचं नाव आलं. मी लिहिलं. शाई वाळूनही गेली. मग लक्षात आलं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दुपारी खोलीवर बसून मी मागच्या सभांची प्रोसिडिंग बुकं चाळली. एका पानावर थांबलो आणि तेच पान तीनदा वाचलं. भैरोबाच्या शिखराला रंग द्यावा आणि सभामंडपाला फरशी घालावी, खर्च पंचायतीच्या निधीतून व्हावा, असा तो ठराव होता. सर्वानुमते मंजूर. अनुमोदक म्हणून ज्याला मंडपात पाऊल टाकता येत नव्हतं, त्याच माणसाचं नाव. मी बुक मिटलं आणि उशाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुक घेऊन मी वस्तीवर गेलो. मेजरांनी बाज टाकली, चहा मागवला. मी मोठ्या आवेशात बोललो. पुढच्या सभेला तुम्ही सरळ आत या, कायदा तुमच्या बाजूचा आहे, कुणी अडवलं तर मी तालुक्याला कळवतो, असं सगळं. त्यांना बरं वाटेल असं मी धरूनच चाललो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला आत यायचंच न्हाई, भाऊसाहेब."

मला वाटलं, भीतीपोटी बोलतायत. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"भ्यालोय म्हनून न्हाई. मी देव सोडलाय. चार मानसांत शपत घिऊन सोडलाय. आता पंचायतीसाठी त्याच्या दारात जाऊ व्हय? देऊळ त्यांचं हाय, त्यांनी खुशाल पुजावं. पन पंचायत समद्यांची हाय. ती देवळात का घातली, तेवढं मला सांगा."

आदल्या दिवसापासून मी त्यांना आत कसं घ्यायचं याचाच विचार करत होतो. पंचायतीनं बाहेर यायला हवं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. अनुमोदक या शब्दाशी बोट थांबलं. सह्या आधी कोऱ्या पानावर घेतल्या जायच्या आणि मजकूर मागाहून भरला जायचा, हे मला तेव्हा त्यांच्याकडून कळलं.

"सही माजीच हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हंजी खाली बसून मी ह्या देवळाला रंग दिला."

ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "कालच्या सभेत माजं नाव कुटं घातलंय?" मला पान उलटून दाखवावं लागलं. तिथलं अक्षर माझं होतं. तो चहा मी कसा संपवला ते आजही आठवत नाही.

पुढच्या सभेची नोटीस मी शाळेच्या खोलीची काढली. सरपंच माझ्याकडे आले. माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच समजत नव्हतं. म्हणाले, "देवाम्होरं मानूस खोटं बोलाया भितो, म्हनून आमी तितं बसतो. शाळंत कशाचं भ्या?" हे ते अगदी मनापासून बोलत होते. मी नोटीस काही बदलली नाही.

शाळेतल्या पहिल्या सभेला मेजर आणि मी दोघंच. कोरम नाही म्हणून सभा तहकूब. दुसऱ्या महिन्यात तेच. मेजर दोन्ही वेळा वेळेआधी आले, बाकावर बसले, वेळ टळल्यावर उठून गेले. तोवर विहिरी आटल्या होत्या. दुष्काळी कामाचा ठराव घ्यायला पंचायत समितीचे विस्तार अधिकारी येणार होते, आणि मी सगळ्यांना शाळेतच बोलावलं. काम हवं होतं, म्हणून सगळे आले. मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून बसले.

मेजर उभे राहिले आणि आधी जुना ठराव वाचून दाखवा म्हणाले. मी वाचला. अनुमोदकाचं नाव आलं तसे सरपंच खाली बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, झालं ते झालं, रंग तर सुकला. अधिकारीही म्हणाले की आज दुष्काळाचं बघू.

"मी अनुमोदन दिलं न्हवतं, एवढंच लिवा," मेजर म्हणाले. "मग कामाचं बोलू."

मी लिहिलं. अधिकारी वर काय कळवतील, याची भीती होती. त्यांनी काहीच कळवलं नाही. पाझर तलावाचं काम त्याच दिवशी ठरलं, आणि तलावाची जागा सुचवली ती मेजरांनीच.

पुढच्या वर्षी पंचायतीला दोन खोल्यांचं कार्यालय मिळालं. उद्घाटनाच्या दिवशी मी जरा उशिरा पोचलो. आत पुजारी मंत्र म्हणत होते, आणि सरपंचांच्या खुर्चीच्या वर, भिंतीच्या मधोमध, भैरोबाची हार घातलेली तसबीर लागली होती. कुणीतरी माझ्या हातात नारळ दिला. चार भिंती उभ्या राहिल्या की काम झालं, अशी माझी समजूत होती. मी तसाच नारळ घेऊन उभा राहिलो.

मेजर आले. त्यांनी भिंतीकडे एकदा पाहिलं, चपला दाराशी न काढता आत गेले आणि आपल्या खुर्चीवर बसले. एक-दोघांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"सभा सुरू करा," ते म्हणाले.

तसबीर काही उतरली नाही. मी दोन वर्षांनी बदलून गेलो तेव्हाही ती तिथंच होती. मेजर मात्र प्रत्येक सभेला यायचे, लिहिलेला सगळा मजकूर चष्मा लावून वाचायचे आणि मगच सही करायचे. त्यात अर्धा तास जायचा. बाकीचे कुरकुरायचे, पण थांबायचे.