सदुसष्ट टक्के

बॉबिनकाकांना कुणी खरं नाव विचारलं तर ते स्वतःच जरा थबकतील, इतकी वर्षं सगळ्या गल्लीनं त्यांना याच नावानं हाक मारलीय. शिलाई मशीनमध्ये खालचा दोरा गुंडाळायची ती छोटी चकरी असते ना, तशा पाच-सहा चकऱ्या कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात. चालले की किणकिणाट. काकू म्हणतात, लोक दाराला बेल लावतात, मी नवऱ्याला लावलीय.

माणूस शिलाई मशीनचा मेकॅनिक. रस्त्यानं जाताना कुणाच्या घरातून मशीनचा आवाज आला की हे थांबणार, मान तिरकी करणार, आणि दार वाजवून सांगणार की ताई, तुमचं शटल सैल झालंय. निम्मी गिऱ्हाइकं अशीच मिळालेली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला लटकलेले पट्टे, तेलाचा वास, टेबलावर पोट उघडं टाकून पडलेली दोन-तीन मशिनं, आणि त्यांच्या मधोमध, काकूंनी शिवलेल्या फुलाफुलांच्या कापडाखाली, कॉम्प्युटर. पार्ट मागवायला आणि कुणाचं मशीन केव्हा आलं हे टिपून ठेवायला. लेकीनं पहिल्या पगारातून घेतला आणि बापाच्या टेबलावर ठेवून ती नोकरीला गेली. गेली ती थेट इतक्या लांब, की इथे दुपारची जेवणं उरकतात तेव्हा ती तिथे दात घासत असते.

लेकीला ते चिमटी म्हणतात. लहानपणी ती टेबलाखाली बसायची आणि सांडलेले बारीक स्क्रू दोन बोटांत उचलून वर द्यायची, म्हणून. बाप-लेकीचं काय बोलणं व्हायचं ते मशीन उघडं असतानाच. वर्गात कुणाशी भांडण झालं, कुठल्या विषयात आपटलो, सगळी कबुली शटलला तेल घालताना. मशीनचं झाकण बसलं की दोघांची तोंडंही बसली. काकूंना याची गंमत वाटायची. समोरासमोर खुर्च्या टाकून बसवलं तर दोघं दवाखान्यात नंबर लावल्यासारखे दिसायचे.

आता झालं असं की फोनला झाकण उघडायची सोय नसते.

रविवारी दुपारी चिमटीचा फोन यायचा. काकू अर्धा तास बोलायच्या, स्वतःच्या दाढेपासून समोरच्या बिऱ्हाडातल्या कुत्र्यापर्यंत काही सोडायच्या नाहीत. मग म्हणायच्या, घ्या, बोला लेकीशी. हे फोन असा धरायचे की जणू त्यातून तेल गळतंय. बरे आहात ना, ती विचारायची. बरा आहे, हे सांगायचे. जेवलीस का, असं दर आठवड्याला विचारायचे आणि बाबा, इथे सकाळ आहे, असं दर आठवड्याला ऐकायचे. मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकायचे. मग, द्या आईला. काकूंनी एकदा घड्याळ लावून बघितलं. चाळीस सेकंद, त्यातली पंधरा खोकल्याची.

फोन दिला की काका टेबलाशी जायचे आणि ज्याला काही झालेलं नाही असं एखादं मशीन उघडून बसायचे.

मग एका रविवारी कॉम्प्युटर खरंच बिघडला. प्रिंटर सापडेना, पडदा निळा पडला, काकांना घाम. काकूंनी फोन त्यांच्या कानाला लावला, आणि पलीकडून जो आवाज आला तो त्यांनी आजवर ऐकलाच नव्हता. चिमटीचं कामच ते. दिवसभर कानाला हेडफोन, आणि जगातल्या अनोळखी माणसांचे बिघडलेले कॉम्प्युटर फोनवरून ठीक करायचे. तिचा तो कामावरचा आवाज, मऊ, सावकाश. "घाबरू नका बाबा. मी आहे लाईनवर. आता पडद्यावर काय दिसतंय ते मला वाचून दाखवा."

एक तास दहा मिनिटं बोलले दोघं. काकू भांडी घासून आल्या, कपड्यांच्या घड्या घालून झाल्या, तरी बोलतायत. त्यातली दुरुस्ती वीस मिनिटांची. बाकी सगळा वेळ ते अपडेट, म्हणजे कॉम्प्युटर नवं काहीबाही आतमध्ये भरून घेतो ते, चाललेलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरते आणि खाली टक्के दिसतात. ती जुनी सिस्टम, म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो तो त्याचा मूळ कारभार, अशी संथ की सदुसष्ट टक्क्यांवर येऊन तिनं बसकण मारली. हलेचना. आणि पट्टी हलत नसली की माणूस काय करणार? बोलणार. घरमालकीण वरच्या मजल्यावर खुर्ची ओढते, हे काकांना त्या दिवशी कळलं. खिडकीतून एक झाड दिसतं आणि त्याला पानं नाहीत, हेही.

त्या दिवसापासून आपल्या काकांचा कॉम्प्युटर जो नाजूक झाला म्हणता. दर रविवारी काहीतरी. आवाज गेला. अक्षरं मोठी झाली. फाईल हरवली, ती नेमकी त्यांनीच दुसरीकडे टाकलेली. ज्या माणसाला बंद खोलीतल्या मशीनचा स्क्रू बाहेरून ऐकू येतो, त्याला माऊसचं डावं बटण सापडेना. काकू स्वयंपाकघरातून ऐकायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा चिमटी म्हणाली, सोपंय हो बाबा, आठवड्यापूर्वीच तर सांगितलं. हे म्हणाले, वय झालं गं. छप्पन्न वय, आणि आदल्याच दिवशी एक अख्खं पायमशीन खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलेलं.

अशी दोन वर्षं गेली. सदुसष्टवर एकदा चिमटीनं कामावरची एक गोष्ट सांगितली. एक आजोबा रोज फोन करतात म्हणे. त्यांचं काही बिघडलेलं नसतं, आम्हाला आवाजावरून कळतं. काकांचे कान गरम झाले. मग तू काय करतेस, त्यांनी विचारलं. "काय करणार? म्हणते, बघूया हं, आणि उगाचच अपडेट लावायला सांगते. तेवढ्यात बोलून घेतात बिचारे."

काका पुढचे दोन रविवार काही बिघडलंय म्हणायला धजले नाहीत. चाळीस सेकंदांवर भागवलं. तिसऱ्या रविवारी प्रिंटर पुन्हा हरवला.

आणि मग चिमटीनंच विषय काढला. ही जुनी सिस्टम आता म्हातारी झाली. कंपनी आणखी पाच-सहा महिने बघेल, मग हात वर करेल. तिची पुढची आवृत्ती या डब्यावर चालायची नाही. तर दोन रस्ते. एक, नवा कॉम्प्युटर घ्या. दोन, याच कॉम्प्युटरवर लिनक्स टाका. तीही सिस्टमच, फुकट असते, हलकी असते, जुन्या यंत्रावर पळते, आणि बिघडत नाही.

काकांनी एकच विचारलं. त्यात अपडेटला किती वेळ लागतो?

तिला वाटलं, बाबा इतकी वर्षं वैतागलेत त्या सदुसष्टला. ती कौतुकानं म्हणाली, दोन मिनिटं. तुम्ही काम करत असता आणि होऊन जातं, कळतसुद्धा नाही.

पुढचे दोन महिने काकांनी जी कारणं काढली ती ऐकण्यासारखी. जुनीची सवय आहे. नवीचा रंग डोळ्यांना बरा नाही. पार्टवाल्याची यादी तीत उघडेल की नाही. चिमटीनं रंग बदलून दाखवला, यादी उघडून दाखवली. काकू म्हणाल्या, माझ्याशी लग्नाला हो म्हणताना यांचा चहासुद्धा संपायचा होता, आणि एका सिस्टमीवरून दोन महिने तळ्यात-मळ्यात.

शेवटी पोस्टानं एक पाकीट आलं. आत बोटाएवढा पेन ड्राइव्ह, त्याला चिकटपट्टी, पट्टीवर तिच्या बारीक अक्षरात 'बाबा'. त्यात तिनं सगळं तयार करून भरलेलं, मराठी अक्षरांसकट. काकांनी तो दोन दिवस खिशात बॉबिनींबरोबर वागवला. रविवारी तिनं फोनवरून बसवून घेतलं. काकांना वाटलं होतं, अख्खी सिस्टम बदलायची म्हणजे तीन तास तरी सहज. उशी घेऊन बसले होते खुर्चीवर. एकोणीस मिनिटांत संपलं.

"झालं," चिमटी म्हणाली. "आता तुम्हाला मला फोन करायची वेळच येणार नाही, बघा."

छान झालं, काका म्हणाले.

आणि तसंच झालं. मेली ती नवी सिस्टम, किती गुणाचं असावं तिनं. बटण दाबलं की हजर. प्रिंटर तिला स्वतःहून सापडे. काकांनी एका रविवारी मागची वायर उपटून बघितली, तर चिमटी दहा सेकंदांत म्हणाली, वायर निघालीय बाबा. दुसऱ्यांदा उपटायला हात होईना. मशीन हातानं बिघडवणं हे त्यांच्यानं मुळातच व्हायचं नाही, त्या जुनीला निदान स्वतःची खोड होती.

फोन पुन्हा चाळीस सेकंदांवर आला. काका खिशातल्या बॉबिनी काढून टेबलावर ठेवायला लागले. घरात त्यांची चाहूल लागेना. काकू दोनदा दचकल्या.

एक दिवस काकू दुकानाची धूळ झटकत होत्या, तर कॉम्प्युटरच्या कापडाखाली एक वही मिळाली. त्यांना वाटलं, कुठलं बटण कधी दाबायचं ते लिहिलं असेल. उघडली. काकांच्या वाकड्या अक्षरात एकेक ओळ. बारा टक्के, घरमालकीण खुर्ची ओढते. चाळीस टक्के, डाव्या बुटात पाणी जातं. सदुसष्ट, एकटीसाठी रांधायचा कंटाळा येतो. सदुसष्ट, झाडाला पानं आली. सदुसष्ट, रडली होती, सांगितलं नाही, आवाजावरून कळलं.

बुटाचं काकूंना माहीत नव्हतं. रडल्याचंही नाही. अर्धा अर्धा तास बोलून. त्या खुर्चीवर टेकल्या, वही पुन्हा जागेवर ठेवली, कापड नीट केलं, आणि संध्याकाळी चहा देताना जरा जास्तच रागावून म्हणाल्या, एवढं आहे तर सांगून टाका तिला. काका म्हणाले, काय सांगू? सांगण्यासारखं काय आहे त्यात?

पण मंगळवारी दुकानाला आतून कडी. दिवसभर. कुणी गिऱ्हाईक आलं तर काकूच दारातून सांगत होत्या, उद्या या. आतून ना हातोडी ना मशीन. संध्याकाळी काका बाहेर आले तेव्हा डोळे लाल आणि खिशात किणकिणाट.

रविवारी काकूंनी अर्ध्या तासाचं बोलणं पाच मिनिटांत आटोपलं आणि फोन पुढे केला.

"बरे आहात ना बाबा?"

"जुनी परत टाकली मी."

पलीकडून मग तिचा तो कामावरचा आवाज, पण जरा वरचा. कुणी बसवून दिली?

"मीच. ते डबड्याबरोबर आलेलं सीडीचं तबकडं होतं ना, त्यावरून."

आता ही पोरगी दिवसभर हेच काम करणारी. नवी काढून जुनी बसवायची म्हणजे किती पायऱ्या, कुठे माणूस अडकतो, कुठे हात टेकतो, तिला झोपेत पाठ. आणि हा तिचा बाप, ज्याला दोन वर्षं माऊसचं डावं बटण सापडत नव्हतं.

"एकट्यानं?" तिनं विचारलं.

"हूं."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही..." ती म्हणाली आणि थांबली. दोघं एकमेकांचा श्वास ऐकत राहिले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, हातातलं फडकं पिळतायत, आणि त्यात पाण्याचा थेंब नाही.

"नवीत काही वाईट नाही," काका शेवटी म्हणाले. "फक्त तीत वेळ लागत नाही गं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी असेल, तिकडे थंडी फार.

"तीन महिनेच आहेत बाबा. मग कंपनी बंदच करणार हिला."

"तीन तर तीन."

"बरं," चिमटी म्हणाली. आवाज आता कामावरचा नव्हता. "बघूया हं. एक करा. अपडेट लावा."

काकांनी कापड बाजूला केलं आणि लावलं. पट्टी निघाली आपली मुंगीच्या पावलानं. चिमटीनं तिकडे स्वतःसाठी चहा टाकला, भांड्याचा आवाज इथपर्यंत आला. तिनं विचारलं, टेबलावर आता कुठलं मशीन आहे, आणि काकांनी फोन खांद्याला धरून हातानं चाक फिरवून तिला ऐकवलं. शटल, ती म्हणाली. नाही, पट्टा, ते म्हणाले, विसरलीस तू. मग ती सांगत सुटली. नोकरी, खोली, बूट. परत यावंसं वाटतं कधीकधी, हेही. किती वाटतं ते मात्र तिनं सांगितलं नाही, आणि काकांनी वही जवळ ओढून नुसती पेन्सिल हातात धरून ठेवली.

काकू चहाचा कप ठेवायला मागे आल्या. पडद्यावर ठळक अक्षरांत शंभर टक्के, अपडेट पूर्ण. केव्हाचं झालेलं.

"किती झालं बाबा?" फोनमधून आवाज आला.

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी कप ठेवला, चष्म्याची डबी उचलली आणि त्या आकड्यापुढे उभी करून ठेवली.

"सदुसष्टवर अडकलंय," काका म्हणाले.

"तिथे अडकतंच ते," चिमटी म्हणाली. "असू दे. मी आहे लाईनवर."