पत्र्याऐवजी मातीची अंगणवाडी

मानोरा गावाजवळच्या एका तांड्यात मी अंगणवाडी सेविका आहे. आमची अंगणवाडी पत्र्याच्या खोलीत भरायची. एप्रिल लागला की त्या पत्र्याखाली जीव नकोसा व्हायचा. एकदा खिचडी खाता खाता एक चिमुरडी माझ्या अंगावरच कलंडली. अंग तव्यासारखं तापलेलं. तिला उचलून मी बाहेर निंबाखाली पळाले, ओल्या पदरात गुंडाळलं. ती रडली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पण धास्ती गेली नाही.

पुढे पुण्याची एक दानशूर संस्था नवी खोली बांधून द्यायला तयार झाली. कशी बांधायची, ते मात्र तांड्यानं ठरवायचं होतं. त्यांची आर्किटेक्ट मुलगी बैठकीत म्हणाली, "जाड मातीच्या भिंती, वर कौलं. आत गारवा राहील."

तांड्याचे प्रमुख असलेले नाईक उसळले, "जिंदगीभर आमी मातीतच राह्यलो. आता पोरायलेही मातीतच बसवता? सलॅब काहून नाही?"

त्यांचं दुखणं मलाही कळत होतं. तेवढ्यात त्या चिमुरडीची आई उठली. "काका, सलॅब दिसाले चांगला. पण तोही तापतेच. मले पोरीसाठी थंड खोली पायजे."

नाईकांनी बोटानं मातीत खोलीचा चौकोन आखला. मग म्हणाले, "जोतं दगडाचं पायजे. उंच. पाणी भिंतीले लागलं नाही पायजे."

उरलेल्यांना मी घरोघर जाऊन पटवलं आणि तसंच ठरलं. मातीच्या विटा तांड्यातच पाडल्या. त्या कामामुळे काही जोडपी त्या साली ऊसतोडीला गेलीच नाहीत, त्यांची पोरं माझ्याकडे वर्षभर येत राहिली.

नव्या खोलीतल्या पहिल्या एप्रिलात मी भर दुपारी पोरांच्या माना चाचपत फिरत होते. खोली गार नाही निघाली तर? मीच सगळ्यांना भरीला घातलं होतं. पण घाम नव्हता कुणालाच. जेवून पोरं लोळली आणि झोपलीसुद्धा. मी भिंतीला टेकले.

"बाई, अंगणवाडी चालू हाय का बंद?"

दचकून डोळे उघडले. दारात नाईक उभे होते. लाज वाटायला हवी होती, पण हसूच आलं. त्यांनी डोक्याचं पागोटं काढलं, उशाला घेतलं आणि खोलीच्या गार ओसरीवर आडवे झाले.