चाकू नव्हताच

इटलीला निघालेला माणूस आमच्या पेठेत आधी माझ्याकडे येतो. मी एकदाच गेलोय, तेही आठ दिवसांच्या सहलीत. पण सल्ला घसा ताणून देतो. पासपोर्ट बनियनच्या चोरखिशात ठेवा, स्टेशनवर कुणी गोड बोलायला लागला तर थांबू नका. मग माझा किस्सा येतो. रोममध्ये दोघांनी गाठलं, चाकू दाखवला, पाकीट नेलं, तरी गडी डगमगला नाही.

खरं म्हणजे पाकीट मी हॉटेलच्या बाथरूममध्ये विसरलो होतो. हॉटेलवाल्यांनी दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं आणून दिलं. पण पाकीट गेल्याचं मी आदल्या रात्रीच पेठेत फोन करून सांगून बसलो होतो. एवढ्या फुशारक्या मारणाऱ्या मला घरी आल्यावर विसरलो म्हणायची लाज वाटली. म्हणून चोर आणले, पुढं त्यांच्या हातात चाकू दिला. हे फक्त बायकोला ठाऊक. किस्सा सुरू झाला की ती चहा टाकायला उठते.

गेल्या वर्षी गडहिंग्लजहून माझी थोरली बहीण आली. तिची एकुलती एक लेक नवऱ्याबरोबर इटलीत राहते. लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणून आक्काचा व्हिसा, तिकीट सगळं झालेलं. पण ती पुण्याच्या पुढं कधी गेली नव्हती.

"खरं सांग," ती म्हणाली, "माझ्यासारख्या एकट्या बाईनं जाण्यासारखं हाय काय तिथं? तू म्हणशील तसं."

शेजारचे दोघे बसले होते, चाकूचा किस्सा तोंडपाठ असलेले. बायको या वेळी उठली नाही. माझ्याकडं बघत राहिली. जा आक्का, काही होत नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी चाकूची लांबी हातानं दाखवली.

आक्कानं जाणं रद्द केलं. भाचीचं सिझेरियन झालं. जावयाला रजा नव्हती, दवाखान्यातून आल्या दिवसापासून ती एकटीच बाळाचं आणि घरातलं बघत होती. हे आक्कानंच रडत सांगितलं. मला एका शब्दानं बोलली असती तर बरं झालं असतं.

उलट लेकीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा तिनं माझ्यापुढं ठेवला.

"तिच्यापतुर आता कुठलं पोचायला. तूच खा. तू हुतास म्हणून वाचलो बाबा."

बायको दारात उभी होती. मी लाडू उचलला, खाल्ला, आणि चांगला झालाय म्हणालो.