लाल रिबनचा झाडू

झाडू मीच आणला होता. हे आधीच कबूल करतो.

मुलीच्या बालवाडीच्या डायरीत मिसनं लिहून पाठवलं होतं: 'आपले मदतनीस' कार्यक्रम. भूमिका: सफाईताई. साहित्य: छोटा झाडू. मुलगी पाच वर्षांची. तिला हातात हिरवा झेंडा हवा होता, कारण मी होटगीला रेल्वेत आहे आणि घरात माझा रुबाब तेवढाच. मी म्हटलं, मिसनं दिलंय ते करायचं. नवी पेठेत चार दुकानं हिंडलो, झाडू घेतला, वर लाल रिबनही बांधली. फुलाची गाठ मारून.

शाळा म्हणजे एका बंगल्याचा तळमजला. तीन वर्ग, भिंतीवर ससे. मी बसलो ती खुर्ची पोरांची निघाली. उठलो तर तीही माझ्याबरोबर उठली. लोक हसले, मीही हसलो. जुनी खोड. कुणी हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं.

कार्यक्रम सुरू झाला. डॉक्टर आला, पायलट आला, वकीलबाई आल्या. प्रत्येकाला दोन-दोन ओळी होत्या. माझ्या मुलीला एकही नाही. तिनं नुसतं झाडायचं. डॉक्टरनं कापूस टाकला, हिनं झाडला. पायलटनं कागदाची विमानं टाकली. झाडली. खाली मान घालून, मन लावून. लोक हसत होते. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या मी वाजवल्या.

संपल्यावर शाळेच्या मॅडम आल्या. शाळाही त्यांचीच, बंगलाही त्यांचाच, पायलट झालेला नातूही त्यांचाच. कौतुकानं म्हणाल्या, "किती छान झाडते हो तुमची. काही मुलांना उपजतच येतं."

मी हसलो. सवयीनं. आणि ते हसू तोंडावरच वाळलं.

बार्शीजवळच्या गावात मी तिसरीत होतो. प्रार्थनेआधी वर्ग मीच झाडायचो. रोज. बाकीची पोरं बाहेर खेळायची. गुरुजी म्हणायचे, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. मला ते बक्षीस वाटायचं. घरी जाऊन आईला सांगायचो. आई बार्शीच्या अडत दुकानांत सांडलेलं धान्य झाडून गोळा करायला जायची. ती ऐकायची आणि चुलीकडं तोंड फिरवायची. का फिरवायची, ते मला त्या ससे काढलेल्या भिंतीपाशी कळलं. एवढ्या उशिरा.

मी विचारलं, "मॅडम, कुणाला काय द्यायचं, हे कसं ठरवलं?"

"फॉर्म बघून."

"फॉर्मात मी रेल्वे लिहिलंय."

फॉर्मात नोकरीच्या खाली अजून एक रकाना होता. जातीचा. तोही मीच भरला होता, सुवाच्य अक्षरात. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही लोक उगाच मनाला लावून घेता. कुठलंच काम हलकं नसतं."

वीस वर्षं जपलेली माझी शहरी भाषा तिथंच गळून पडली. म्हटलं, "व्हय की. मग पुढच्या येळी झाडू तुमच्या नातवाला द्या. पायलट झालता त्यो. रिबन मी बांधून देतो."

कुणी हसलं नाही. मीही नाही.

घरी आलो, तर मुलगी बूट न काढताच बाहेरची खोली झाडायला लागली. म्हणाली, "बाबा, मॅडम म्हणाल्या मला लई छान येतं." तिच्या तोंडावर तोच आनंद. माझा, तिसरीतला. मी झाडू काढून घेतला. रिबन सोडायला गेलो. गाठ माझीच, सुटता सुटेना. शेवटी दातानं तोडली. राहिलेली खोली मी झाडली.

बायको दवाखान्यात नर्स आहे. ड्युटीवरून आल्यावर तिला सगळं सांगितलं. नेहमीसारखं, आधी खुर्चीचा किस्सा. ती हसली नाही. शेवटी मी म्हटलं, दाखला काढू, दुसरी शाळा बघू.

ती म्हणाली, "दाखला काढायचा न्हाय. उद्या मी रजा टाकते, दोघं जाऊ. हितनं पुढं चिठ्ठ्या टाकूनच कामं वाटायची, हे लिहून घेतल्याबिगर उठायचं न्हाय. अन् तुमी तितं हसायचं न्हाय."