सरपंचाच्या अंगावरचे पांढरे ठिपके

टाकीच्या तळाशी पाच गोगलगायी उताण्या पडल्या होत्या. सहावी अजून काचेवर होती, पण मी बोट लावताच तीही सुटून खाली गेली. दोन कोळंब्यांपैकी एक मेलेली, दुसरी दगडामागे दडून बसलेली. कोरल मिटलेलं. वारज्यातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मी कोपरापर्यंत हात ओला करून उभी होते आणि मागून अण्णा विचारत होते, "डाक्तरीणबाई, च्या टाकू का?"

मी डॉक्टर नाही. फिशरीजची पदवी घेतली आणि गेली वीस वर्षं पुण्यात लोकांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळते. समुद्र इथून इतका लांब, तरी पुणेकरांना तो हॉलमध्ये हवा असतो, त्यावर माझं घर चालतं. हे सगळं अण्णांना तीनदा सांगून झालं होतं. ते मान डोलवायचे आणि पुन्हा डाक्तरीणबाई म्हणायचे.

टाकी अण्णांच्या सुनेची, सायलीची. ती आणि तिचा नवरा दोघंही हिंजवडीला. सकाळी साडेसातला कंपनीची बस, परत यायला आठ. घरात दिवसभर अण्णा एकटे. ही बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांचीच. आता जिथे पार्किंग आहे, तिथे त्यांचा गोठा होता. टाकीबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "दूध न्हाई, शेण न्हाई. कशाला पाळायचं असलं जनावर?" पण टाकीतल्या मोठ्या निळ्या टँग माशाचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, सरपंच. तो दिवसभर काही काम नसताना सगळीकडे फेऱ्या मारतो म्हणून. बाकी दोन क्लाउनफिश. ते नवरा-बायको.

तीन आठवड्यांपूर्वी याच सरपंचाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले आणि सायलीने मला बोलावलं. हा एक परजीवी आहे. आमच्या धंद्यात त्याला नुसतं इक म्हणतात. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत घुसतो, पोट भरलं की गळून तळाच्या वाळूत पडतो, तिथे कवच करून बसतो आणि फुटला की त्यातून शेकडो पिल्लं निघतात. ती मासा शोधत पाण्यात फिरतात. औषध लागू पडतं ते फक्त या फिरणाऱ्या पिल्लांना. कातडीतला किंवा कवचातला ढिम्म हलत नाही.

त्यावर औषध म्हणजे तांबं. कॉपरचं द्रावण, थेंबाथेंबाने वाढवत न्यायचं आणि रोज टेस्ट किटने मोजायचं. हे अशी टाकी ठेवणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. ते मुख्य टाकीत घालायचं नसतं, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. गोगलगाय, कोळंबी, कोरल यांना तांबं म्हणजे विष. म्हणून मासे काढून वेगळ्या साध्या टाकीत ठेवायचे. तो त्यांचा दवाखाना. मुख्य टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची. पिल्लांना मासा मिळाला नाही की ती उपाशी मरतात. गोगलगायी-कोळंब्यांना हा रोग होत नाही, त्या तिथेच मजेत राहतात.

यातलं कवचाचं आणि तांब्याचं मी सायलीला समजावत होते तेव्हा अण्णा पेपरामागून म्हणाले, "म्हंजी गोचीड की! जनावराच्या अंगावरची काढून भागत न्हाई, गोठाबी धुवायला लागतो."

मला इतका आनंद झाला! इंजिनियर लोकांना अर्धा तास आकृत्या काढून जे कळत नाही, ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं होतं. मी म्हटलं, "अगदी बरोबर, अण्णा!"

हे माझं वाक्य लक्षात ठेवा.

मासे दवाखान्यात गेले. सायलीच्या स्टडीरूममध्ये काचेची टाकी, त्यात लपायला प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे. सरपंच दोन दिवस फुगून बसला, मग खायला लागला. दहाव्या दिवशी ठिपके गेले. मुख्य टाकीत एकच काम उरलं होतं. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, म्हणून रोज लिटर-दीड लिटर गोडं पाणी घालून पातळी खुणेवर आणायची. ते अण्णांनी आपणहून घेतलं. मी आरओच्या पाण्याचा कॅन दाखवला, काचेवर खूण केली आणि निर्धास्त झाले.

आणि आता या गोगलगायी.

मी एकेक टेस्ट केली. अमोनिया नाही. खारटपणा ठीक. तापमान ठीक. शेवटी कॉपरची टेस्ट लावली. कुपीतल्या पाण्याला हलका रंग चढला. थोडाच, पण जिथे शून्य असायला हवं तिथे.

तांबं या घरात आणणारी मी. दवाखान्याच्या बादलीला लाल टेप, मुख्य टाकीच्या बादलीला निळी, जाळी वेगळी, नळी वेगळी, हा माझा नियम, आणि त्याबद्दल मी चारचौघांत मिरवते. म्हणजे कुठेतरी लाल बादली निळ्या जागी गेली असणार. मी सायलीला फोन लावला आणि हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर टाकला. ती बसमध्ये होती, मागे हिंजवडीचे हॉर्न.

"मॅडम, ऑनेस्टली सांगा. मेन टँकमध्ये कॉपर गेलंय?"

"गेलंय. कसं, ते कळत नाही. बहुतेक माझ्याच हातून."

"मॅडम, मी तुम्हाला ब्लेम नाही करत. पण आता बास झालं. हे सेट झालं नाही ना, तर मी टँक देऊन टाकते कुणाला तरी. ऑफिसमध्ये बसून रोज हेच टेन्शन, नाही झेपत."

एरवी अशा वेळी अण्णा "द्या देऊन, जागा मोकळी व्हईल" म्हणायचे. आज म्हणाले नाहीत. ते उठून स्वयंपाकघरात गेले.

मी कॅनमधलं पाणी तपासलं. शून्य. माझी निळी बादली, जाळी, नळी धुऊन ते पाणी तपासलं. शून्य. मी दोष मान्य करून बसले होते आणि पुरावा माझ्या बाजूने बोलत होता. तेवढ्यात अण्णा बाहेर आले. हातात लखलखीत तांब्याची कळशी.

"गडबडीत आजचं पानी ऱ्हायलं," म्हणत त्यांनी ती टाकीवर तिरकी केली.

"अण्णा, थांबा!"

मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.

"आवो, क्यानमधलंच हाय," अण्णा दचकून म्हणाले. "रातीला कळशीत भरून ठिवतो, सकाळी घालतो. कळशीबी रोज चिंच-मीठ लावून घासतो."

"पण कळशीत कशाला?"

"तुमीच म्हनला नव्हं, तांबं औषिद हाय. तिकडं सरपंच बरा झालाच की त्यानं. आन् किडं तर हितं वाळूत बसल्यात. गोठा धुवायला लागतो म्हनलं, तर अगदी बरोबर बी तुमीच म्हनला."

मी कळशीतलं पाणी तपासलं. कुपीचा रंग किटसोबतच्या तक्त्यावरच्या शेवटच्या चौकोनापर्यंत गेला. आरओच्या पाण्यात क्षार नसतात, त्यामुळे ते भांड्याचा धातू लवकर ओढून घेतं. त्यात रोज घासून उघडं केलेलं तांबं आणि रात्रभराचा मुक्काम. तीन आठवडे नेमाने. रोग मारायला ते फारच कमी होतं, गोगलगायींना मारायला पुरेसं.

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. ते उताण्या गोगलगायींकडे बघत राहिले.

"म्हंजी म्या मारल्या ह्या."

"नाही, अण्णा. मी अर्धंच सांगितलं होतं. गोगलगायींना ते विष, हे तुम्हाला सांगायचं राहिलं."

"ती देऊन टाकती म्हनली ना टाकी?" ते सोफ्याच्या कडेवर बसले. "सकाळी पोरं गेली की मी आन् सरपंच. तो फेऱ्या मारतो, मी बघतो. म्हनलं, लवकर घरी यावा गडी. म्हनून घाई केली."

मला रागवायचं होतं. जमलं नाही. मी म्हटलं, "मग लागा कामाला."

वाचलेली कोळंबी, एखादी तरी जगेल या आशेवर सहाही गोगलगायी आणि कोरलचा दगड ताज्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत हलवले, हवेची नळी सोडली. मुख्य टाकीचं निम्मं पाणी बदललं, दोन दिवसांनी पुन्हा निम्मं. फिल्टरमध्ये तांबं शोषून घेणारा पॅड आणि कार्बन टाकला. मीठ कालवायला अण्णा बसले. खारटपणा मोजायचं यंत्र डोळ्याला लावून ते माझ्यापेक्षा बारकाईने आकडा वाचत होते. संध्याकाळी सायलीला मी सगळं खरं सांगितलं. सासऱ्यांच्या एकट्या दुपारीही सांगितल्या. ती म्हणाली, "टँक राहू दे, मॅडम."

आठवड्याभराने कॉपर शून्यावर आलं. कोरल उघडलं. टाकीत मासा गेलाच नव्हता, त्यामुळे अडीच महिन्यांची गणती मोडली नाही, एवढं आमचं नशीब. मुदत भरली त्या रविवारी मासे घरी गेले. नवरा-बायकोने आपला कोपरा गाठला. सरपंचाने हद्दीची एक पूर्ण फेरी मारली आणि अण्णांसमोर काचेला तोंड लावून उभा राहिला. "आला गं बाई!" असं अण्णा सुनेला म्हणाले.

तेव्हापासून मी नव्या गिऱ्हाइकाकडे गेले की टाकी बघायच्या आधी स्वयंपाकघर बघते. लोकांना ते आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे. आणि समजावून सांगताना कुणी झटकन समजलं असं दाखवलं, तर "अगदी बरोबर" म्हणायच्या आधी विचारते, "मग आता तुम्ही काय करणार?"

त्या रविवारी निघताना मी पाणी मागितलं. अण्णांनी कळशीतून पेला भरला. माझा हात नकळत थबकला.

"घ्या, डाक्तरीणबाई," अण्णा म्हणाले. "तुमी काय गोगलगाय न्हाई."